संत्रा, शेळी आणि बाहेरचं कर्ज: प्रकल्पात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

कृषी पदवी हातात आली तेव्हा अकोल्याच्या वसतिगृहात दोनच वाटांची चर्चा असायची: स्पर्धा परीक्षा, नाहीतर खत-बियाण्याच्या कंपनीत विक्रीचं काम. तिसरी वाट मला एका जाहिरातीतून सापडली. परदेशी वित्तसहाय्यावर चालणाऱ्या प्रकल्पात क्षेत्र समन्वयक, कंत्राटी पद. आधी शेळीपालन करणाऱ्या बायकांच्या गटांसोबत आणि मग संत्रा उत्पादकांच्या कंपनीसोबत मी काम केलं. या वाटेने येणाऱ्यांना काही गोष्टी सुरुवातीलाच माहीत असाव्यात, म्हणून हे लिहिते आहे.

पैसा कुठून येतो, ते आधी नीट समजून घ्या. गावात सरसकट म्हणतात, ‘जागतिक बँकेनं पैसे दिले.’ प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग सरकारने घेतलेल्या कर्जाचा असतो. फळं, भाज्या आणि फुलांच्या मूल्यसाखळीसाठीच्या, म्हणजे शेतापासून गिऱ्हाईकापर्यंतच्या प्रवासासाठीच्या, ‘मॅग्नेट’ प्रकल्पाला आशियाई विकास बँकेने २०२१ मध्ये १० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. शेतकरी गटांना बाजाराशी जोडणाऱ्या ‘स्मार्ट’ प्रकल्पाला जागतिक बँकेचं कर्ज २१ कोटी डॉलरचं. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत राबवलेल्या ‘केम’ प्रकल्पामागे आयफॅड ही संयुक्त राष्ट्रांची संस्था होती. गटाचा अध्यक्ष जेव्हा म्हणतो, ‘ताई, फुकटचा पैसा आहे, मशीन मोठंच घेऊ,’ तेव्हा हा पैसा तुमच्या-माझ्या करातून फेडला जाणार आहे, हे त्याला शांतपणे सांगता आलं पाहिजे. शिवाय या पैशातून गटाला मिळणारं अनुदान सगळा खर्च भागवत नाही. ‘स्मार्ट’मध्ये ते ६० टक्क्यांपर्यंत. उरलेली रक्कम गटाने उभी करायची, भागभांडवलातून नाहीतर बँकेकडून.

माझी मोठी चूक इथेच झाली. वरूड-मोर्शीकडच्या एका शेतकरी कंपनीसाठी मी डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, लिहिला: संत्र्याची धुलाई, मेणाचा लेप, प्रतवारी, पॅकिंग करणारं पॅकहाऊस. कागदावर यंत्र वर्षातले बहुतेक दिवस चालत होतं. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी पान उलटवलं आणि विचारलं, ‘आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्च. बाकीचे महिने तुमचं यंत्र काय करणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता: माल घेणार कोण? आमच्या अहवालात बांगलादेश हा मुख्य ग्राहक होता, आणि तिकडे संत्र्यावरचं आयात शुल्क वाढत चाललं होतं. अहवाल परत आला. तो लिहिण्याआधी मी दिल्लीच्या आझादपूर बाजारात चार दिवस काढायला हवे होते. आपली पेटी उघडल्यावर अडत्या फळ कुठे दाबून बघतो, कोणत्या आकाराला मागणी आहे, तळाशी किती फळं सडलेली निघतात, हे तिथेच कळतं. पुढे मी तसं केलं. मगच अहवाल पुन्हा लिहिला, यंत्र लहान केलं आणि पहिल्या वर्षाचा वापर निम्म्याहून कमी धरला. म्हणून सांगते, आधी गिऱ्हाईक शोधा आणि मग पॅकहाऊसचा विचार करा.

प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकांच्या अटींचा नव्या मुलांना कंटाळा येतो. तीन दरपत्रकं घ्या, धुलाईचं पाणी कुठे सोडणार ते लिहा, सभासदांत महिला किती ते दाखवा. मलाही आधी ही नुसती कागदं वाटायची. पण पॅकहाऊसचं सांडपाणी शेजाऱ्याच्या विहिरीकडे वळणार होतं, हे त्या पाण्याच्या रकान्यामुळेच आमच्या वेळीच लक्षात आलं.

शेळीच्या कामाने मला जास्त शिकवलं. व्यापारी दुचाकीवर दारात यायचा, बोकडाच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि किंमत सांगायचा. घरात दवाखान्याची किंवा शाळेची नड असली की बाई हो म्हणायची. आमच्या गटाने एक ताणकाटा घेतला, काही हजारांचा. मला तो दिवस आठवतो. कडुनिंबाच्या फांदीला काटा टांगला, बोकडाच्या पोटाखाली जुन्या लुगड्याची झोळी घातली आणि चौघींनी मिळून त्याला उचललं. काटा २३ किलोवर थांबला. व्यापारी म्हणाला, ‘मावशी, आपण नेहमी अंदाजानंच घेतो की.’ मावशी वहीत आकडा लिहून घेत म्हणाल्या, ‘आता काट्यावरच घे, भाऊ.’ त्याने दर बदलला. साखळीत शेतकऱ्याची जागा बदलते म्हणजे काय, ते मी त्या अंगणात पाहिलं.

त्याच गावात पशुसखी, म्हणजे शेळ्यांच्या प्राथमिक देखभालीचं शिक्षण घेतलेली गावातलीच बाई, जंताचं औषध द्यायची. पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांवरच्या लसीकरणाला पशुवैद्यकीय दवाखान्याच्या लोकांसोबत हिंडायची. ही सेवा फुकट ठेवावी, असा आग्रह आमच्याच काही सहकाऱ्यांचा होता. मी विरोध केला. प्रकल्पाला समाप्तीची तारीख असते. शेळीला मात्र त्यानंतरही जंत होतात. प्रत्येक शेळीमागे थोडी फी ठेवली आणि बायकांनी ती कुरकुर न करता दिली, कारण करडं मरायची कमी झाली होती.

आता नोकरीबद्दल. पदं बहुतेक कंत्राटी असतात, नूतनीकरण कामगिरीवर होतं, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. पिकाचं ज्ञान तुमच्याकडे असतंच, कमी पडतो तो हिशोब. ताळेबंद वाचायला, खेळतं भांडवल काढायला आणि एक्सेल नीट वापरायला शिका. शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांसमोर बसून नफा-तोटा पत्रक मराठीत समजावून सांगता येणारी मुलं फार थोडी आहेत. मुलाखतीला जाण्याआधी जवळच्या एखाद्या कंपनीत हंगामाचे पंधरा दिवस काढा, पगार मिळो न मिळो. पहाटे माल उतरतो तेव्हा हजर राहा. वजन कोण करतं आणि पावती कोणाच्या नावाने फाटते, ते बघा.