तापीत होडी वाळूवर चढते ती कशी? या चुका टाळा

पात्र रुंद म्हणजे पाणी खोल, हा पहिला गैरसमज. पावसाळा संपता संपता सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजचे दरवाजे बंद झाले की वरच्या अंगाला तापी काठोकाठ भरलेली दिसते. पण उन्हाळ्यात उघडे पडणारे वाळूचे पट्टे तिथेच असतात, फक्त पाण्याखाली.

संगमावर तर जास्तच जपा. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि पुढे हतनूर धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागे अडलेलं पाणी. गढूळ पाणी तिथे संथ होतं, गाळ खाली बसतो. वळणावर खोल धार बाहेरच्या, कापलेल्या दरडीकडून जाते आणि आतल्या बाजूला वाळू साचते. जवळचा रस्ता म्हणून कोपरा कापलात की तळ घासलाच.

‘गेल्या वर्षी इथूनच गेलो होतो’ हे एका पुरानंतर बिनकामाचं. बांबू टाकून खोली बघत जा. वारा नसताना एकाच पट्टीत पाणी थरथरत असेल तर खाली उथळ समजा. वारा सुटला की मात्र ही खूण कामाची नाही.

होडी रुतली की पहिला हात इंजिनाकडे जातो, आणि खरं नुकसान तिथेच होतं. पंखा वाळू उकरतो, ती थंडाव्याच्या पाण्याबरोबर पंपात शिरते, इंजिन तापतं. इंजिन बंद करून वर उचला. माणसं-सामान तरंगत्या टोकाकडे सरकवा आणि आलात त्याच वाटेने बांबूने मागे रेटा. प्रवाहाबरोबर जाताना रुतलात तर काम अवघड: पाणी मागून ढकलतं, होडी आडवी होते. घाबरून सगळे धारेच्या बाजूला जमले तर ती कड दबून पाणी आत येतं. वजन वाळूच्या बाजूला ठेवा.

‘घोटाभर तर पाणी आहे’ म्हणून उडी मारू नका. पट्ट्याची कड पायाखाली खचते, शेजारी वाळूउपशाचा खड्डाही असू शकतो. उतरायचंच तर लाइफ जॅकेट अंगावर, एक हात होडीला, पुढे बांबू.

पाणी ओसरत असेल तर लवकर हला, उशीर झाला की होडी कोरडी पडेल. हतनूरच्या ४१ दरवाजांतून विसर्ग वाढल्याची खबर आली, तर पट्ट्यावर कुणालाही उभं राहू देऊ नका. सगळे होडीत, वल्ही हातात.