‘टिक’ वाजलं म्हणजे हेड बसलं असं नाही

नाशिकमधल्या सातपूरच्या आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी द्वारकेजवळच्या एका गॅरेजला लागलो. पहिले आठ-दहा महिने टॉर्क रेंचला, म्हणजे ठरवलेला फिरवायचा जोर (टॉर्क) झाला की ‘टिक’ वाजणाऱ्या पान्याला, हात लावायला मिळाला नाही. पार्ट धुणं, ऑइल बदलणं, ब्रेक शू घासणं, एवढंच. मग मे महिन्यात कसारा घाट चढताना गरम झालेली एक पेट्रोल गाडी टो होऊन आली. होज फुटलेला असताना मालकाने ती तशीच इगतपुरीपर्यंत रेटली होती. ऑइलचं झाकण काढलं तर खाली दुधाच्या सायीसारखा थर. हेड गॅस्केट गेलं होतं, म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि त्यावर बोल्टांनी बसणारं हेड यांच्यामधलं सील. हेड फेसिंग होऊन, म्हणजे खालची बाजू सपाट करून आलं तेव्हा उस्ताद म्हणाले, “आज तू आवळ.”

मी आवळलं. क्रम बरोबर, आकडा बरोबर, दहाच्या दहा बोल्टांवर ‘टिक’ वाजलं. पाचव्या दिवशी गाडी परत दारात. रेडिएटरमध्ये बुडबुडे, म्हणजे गॅस्केट परत गळत होतं.

उस्ताद ओरडले नाहीत. हेड उतरवल्यावर त्यांनी माझ्या हातात टॉर्च आणि एक तार दिली. “बोल्टच्या एकेका भोकात घाल.” आठ भोकांतून तार कोरडी आली. दोन भोकांतून आली ती चिखल लागून. कूलंट आणि जुन्या गॅस्केटचा चुरा तळाशी साचून घट्ट झाला होता. बोल्ट त्या गाळावर जाऊन टेकला, फिरायचा थांबला आणि रेंच वाजला. हेडवर दाब आलाच नव्हता. “पाना खोटं बोलला नाही,” उस्ताद म्हणाले. “बोल्ट फिरत नाही एवढंच त्याला कळतं. का फिरत नाही, ते तुला कळलं पाहिजे.”

या धंद्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो, कारण हेड आवळणं म्हणजे जोर लावणं असा बहुतेकांचा समज असतो. हेडचा बोल्ट म्हणजे एक कडक स्प्रिंग समजा. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि परत आखडायला बघतो, त्या ओढीने हेड ब्लॉकवर दाबलं जातं. आपल्याला हवी असते ती ही ओढ, तीही सगळ्या बोल्टांत सारखी. रेंच मात्र ती मोजत नाही, बोल्ट फिरवायला लागणारा जोर मोजतो. त्यातला साधारण 90 टक्के जोर बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. ताणायच्या कामी येतो तो जेमतेम 10 टक्के. म्हणजे एका बोल्टचे आटे गंजलेले आणि शेजारच्याचे तेलकट असतील, तर रेंच दोन्हीकडे 60 न्यूटन-मीटरला वाजेल, पण दाब दोन्हीकडे वेगळा असेल. गॅस्केट पुन्हा जातं ते तिथून.

म्हणून माझा खरा वेळ आवळण्याआधीच जातो. प्रत्येक भोक कापडाने टिपून घ्यायचं, मग कॉम्प्रेसरची हवा मारायची. गॉगल लावूनच, कारण त्यातला कूलंट थेट डोळ्यांत उडतो. आटे साफ करायला नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवू नका, तो चांगले आटे कापून ढिले करतो. त्याच इंजिनाच्या जुन्या बोल्टला हॅकसॉने उभ्या दोन खाचा पाडा, खाचांची कूस घासून काढा आणि हाताने आत-बाहेर फिरवा. सगळी घाण खाचांत भरून बाहेर येते. असे बोल्ट मी डब्यात साईजप्रमाणे जपून ठेवले आहेत. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं, बस. भोकात तेल ओतलं तर ते बोल्टखाली कोंडतं. तेल दबत नाही, ब्लॉकलाच तडा जातो.

हेड फेसिंगला सगळेच पाठवतात, पण ब्लॉककडे कुणी बघत नाही. स्ट्रेट एज, म्हणजे अगदी सरळ धारेची पट्टी, दोन्हींवर ठेवा, उभी, आडवी, तिरकी. खालून 0.05 मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सरकत असेल तर मॅन्युअलची मर्यादा उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्राइंडरची चकती ब्लॉकवर लावू नका. तिची पूड ऑइलच्या वाटेत जाऊन बेअरिंग खाते. डिझेलला आणखी एक गोष्ट असते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावर गॅस्केटची जाडी ठरते आणि ती गॅस्केटच्या कडेच्या खाचांवरून किंवा छिद्रांवरून ओळखतात. द्राक्षांच्या हंगामात पिकअपवाले घाईत असतात, दुकानदार देईल ते उचलतात. जुनं गॅस्केट सोबत न्या, खाचा मोजा.

आवळायचा क्रम मधून बाहेर. गादीवरची चादर आपण हाताने मधून कडेला सपाट करतो, तसंच. कडेचे बोल्ट आधी आवळले तर मधला फुगवटा जायला जागाच उरत नाही. सोडताना उलट, कडेकडून मध्ये, आणि इंजिन पूर्ण गार असताना. ॲल्युमिनियमचं गरम हेड सोडलं तर ते वाकतं.

आणि सगळा टॉर्क एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने. समजा 30 न्यूटन-मीटर, मग 60. हे आकडे उदाहरणाचे. तुमच्या इंजिनाचे मॅन्युअलमधून घ्या आणि खडूने समोर लिहून ठेवा. रेंचवर बहुतेक वेळा दोन पट्ट्या असतात. 60 न्यूटन-मीटरऐवजी चुकून 60 फूट-पाउंड लावलं तर ते 81 न्यूटन-मीटर होतं.

हल्लीच्या बऱ्याच इंजिनांना टॉर्कनंतर बोल्ट ठरावीक अंश फिरवायचा असतो, जसं आणखी 90. कारण तेच, घर्षणाचा भरवसा नाही. बोल्ट किती फिरला हे मात्र नक्की मोजता येतं. हे बोल्ट मुद्दाम लवचीकपणाची हद्द ओलांडेपर्यंत ताणतात. एकदा ताणले की गेले, म्हणून गॅस्केटबरोबर नवा सेटच घ्यायचा. मालक पैसे वाचवायला सांगेल, ऐकू नका.

टॉर्क झाल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर, स्वतःकडच्या बाजूला, पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. मग लांब दांड्याने एकाच संथ ओढीत 90 अंश. काम संपल्यावर सगळे ठिपके डावीकडे आलेले दिसले पाहिजेत. एखादा तुमच्याकडेच बघत असेल तर तो राहिला. माझ्या गॅरेजात हेड आवळणाऱ्याशी कुणी बोलत नाही, त्याचा फोनही दुसरा उचलतो.

या ओढीत नवख्या मुलांना भीती वाटते. बोल्ट आधी जड होत जातो, मग एका जागी जोर वाढायचा थांबतो आणि तो तेवढ्याच जोरात फिरत राहतो. ते बरोबर आहे, ओढत राहा. पण हाताला एकदम हलकं लागलं तर तिथेच थांबा. आटे सुटत आहेत किंवा बोल्ट तुटतोय. हा फरक सांगून कळत नाही. भंगारातल्या ब्लॉकवर जुने बोल्ट मुद्दाम तोडून बघा, मी प्रत्येक नव्या मुलाला एक तरी तोडायला लावतो.

रेंच स्वतःचा घ्या. पहिल्या पगारातून नाही जमला तर तिसऱ्या-चौथ्यातून. त्याने बोल्ट सोडायचा नाही, मूठ जिथे आहे तिथेच धरायची, काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन करून घ्या. अंबड-सातपूरच्या कारखान्यांमुळे नाशिकमध्ये ती सोय आहे. आणि एक वही ठेवा, प्रत्येक इंजिनाचे टप्पे, अंश, क्रम लिहायला. माझी पहिली वही ऑइलने काळी झाली आहे, अजून रोज उघडतो.

हेड बसल्यावर कूलंट भरून हवा काढतो, फॅन दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवतो आणि गाडी रात्रभर गॅरेजातच ठेवतो. मालकाला कितीही घाई असली तरी. सकाळी गार इंजिनाचं झाकण उघडून पातळी बघतो. उतरली नसेल, तरच त्याला फोन करतो.