तान्ह्या पोळ्याचा बैल कुर्त्यावर छापताना

आमच्या छोट्याशा ब्रँडच्या यंदाच्या प्रिंट्स मी नागपुरातूनच उचलल्या आहेत: तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा लाकडी बैल, मारबतीचे (पोळ्याच्या सुमारास मिरवणुकीने नेऊन जाळतात त्या पुतळ्यांचे) पिवळा-काळा हे दोन रंग आणि करवतकाठीचे, म्हणजे टसर साडीच्या करवतीसारख्या काठाचे दाते. तुम्ही घरी ठशाने कापड छापत असाल, तर बैलापासून सुरुवात करा.

पोळ्याच्या आधी नागपूरच्या महाल-इतवारी बाजारात एक चक्कर मारा आणि बैल हातात घेऊन नीट बघा. मान ताठ, पाय सरळसोट, खाली पाटी आणि तिला चाकं. चित्र काढताना चाकं गाळू नका. ती गेली की उरतो तो कुठलाही बैल. पोट्टे ज्याला दोरी बांधून घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरतात, तो नव्हे. झुलीवरची नक्षी मोहात पाडते, पण फार बारीक रेघ ठशात रंगाने बुजते. शिंगं, डोळा, झुलीची कड एवढं पुरे.

मांडणीत खरी गंमत आहे. बैल एका रेषेत छापले की कापडावर आडवे पट्टे दिसायला लागतात, म्हणून दर दुसरी उभी रांग अर्ध्या घराने, म्हणजे एका बैलाला लागणाऱ्या उभ्या जागेच्या निम्म्याने, खाली सरकवा. आधी कागदावर छापा, तो कागद जुन्या कुर्त्याला टाचा आणि आरशापासून चार पावलं मागे उभ्या राहा. टेबलावर गोड दिसणारा बैल छातीवर नेमका नको तिथे येतो, ते इथेच कळतं.

बैलाला वर-खाली असतं, हेही ध्यानात ठेवा. खांद्यावर जोड न देता कुर्ता सलग कापला, तर पाठीवरचे सगळे बैल उलटे होतात, चाकं आभाळाकडे! मास्तरांना कापड देताना मागच्या बाजूला खडूने बाण काढून द्या आणि कापड थोडं जास्त घ्या.

सुती कापड गांधीबागेत मिळतं. ते गरम पाण्यात साबणाने धुऊन खळ काढा, नाहीतर रंग धाग्यात शिरत नाही. टेबलावर घोंगडी, तिच्यावर चादर. पिगमेंट रंगात बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवणारा द्रव) मिसळा, ठसा टेकवा, वरून मुठीने एक ठोका द्या. सावलीत वाळवून उलट बाजूने गरम इस्त्री फिरवा.

काळ्या कापडावर पिवळा रंग बुडतो, त्यामुळे पिवळ्यावर काळा छापणं सोपं. मारबतीचा चेहरा मात्र मी कपड्यावर घेत नाही. ‘इडा पिडा घेऊन जा’ म्हणत जिला गावाबाहेर नेऊन जाळतात, ती अंगावर मिरवायची नाही, असं मला मनापासून वाटतं. रंगच पुरेसे बोलतात.

करवतकाठीत ते दाते टसरवर विणताना तयार होतात. काठाचा आणि अंगाचा धागा विणकर हाताने एकमेकांत अडकवत जातो. आपण छापतो ते फक्त त्याचं चित्र. म्हणून टॅगवर ‘छापील काठ’ असंच लिहा, ‘करवतकाठी’ म्हणून विकू नका. त्या नावावर विणकराचं पोट आहे. काठ छापताना घेराच्या मध्यापासून दोन्हीकडे जा, म्हणजे टोकाला अर्धाच दाता उरला तरी तो बाजूच्या शिवणीत जातो.