कीबोर्ड जुळवायला बसण्याआधी

पार्ट्स मागवायची घाई नको. आधी कागदावर ठरवा, कुठली बटणं ठेवायची आणि कुठली काढायची. बेळगावात सकाळी मराठी अर्ज आणि दुपारी कन्नड, असं ज्यांचं माझ्यासारखं काम आहे त्यांनी इंग्रजीच्या हिशेबाने बटणं कमी करू नयेत. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत, च अर्धविरामाच्या बटणावर, ट त्याच्या शेजारी, ड चौकटी कंसावर आणि य तिरक्या रेघेवर असतो. चाळीस टक्क्यांच्या, म्हणजे पूर्ण कीबोर्डच्या साधारण तेवढीच बटणं असलेल्या बोर्डात बऱ्याचदा हीच बटणं दुसऱ्या लेयरमध्ये (दुसरं बटण धरल्यावरच मिळणाऱ्या थरात) जातात, आणि मग साधं ‘चटणी’ लिहायलाही अंगठा अडकवून ठेवावा लागतो. क्ष, ज्ञ, त्र, श्र तर आकड्यांच्या ओळीत, शिफ्ट धरून. म्हणून माझं मत ६१ बटणांचा साठ टक्केवालाच. मराठीचा क ज्या बटणावर, त्याच बटणावर कन्नडचाही क. दोन्ही भाषांना बोटांची सवय एकच पुरते. फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, मराठीसाठी वेगळं काही लिहायचं नाही, अक्षर कंप्युटरच्या भाषा-सेटिंगने ठरतं.

मग प्लेट, म्हणजे बटणांखालचे स्विच ज्यात बसतात तो पत्रा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंगला जाताना प्लेटच्या आराखड्याच्या डीएक्सएफ फाइलबरोबर दोन-तीन स्विच खिशात टाका. पत्रा दीड मिलीमीटरचा, भोक १४ मिलीमीटर चौरस, एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १९.०५. पूर्ण प्लेट कापण्याआधी तुकड्यावर दोन भोकं पाडून घ्या आणि तिथेच स्विच दाबून बघा. ‘कट्’ करून बसला पाहिजे आणि चिमटीत धरून ओढला तरी हलता कामा नये. सैल भोकातला स्विच पुढे कॅप (बटणावरची टोपी) काढताना कॅपसकट वर येतो. स्पेस, एंटर, बॅकस्पेस आणि दोन्ही शिफ्टखाली, लांब बटणं तिरकी होऊ नयेत म्हणून लागणाऱ्या स्टॅबिलायझरची भोकं फाइलमध्ये आहेत ना, तेही बघा. खानापूरकडचा पाऊस डोक्यात ठेवून लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम घ्या. लोखंडावर पावडर कोटिंग केलं की त्या थराने भोक लहान होतं.

वायरिंगला प्रत्येक बटणामागे एक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लागतो; थोडे जास्तच मागवा. काळी रेघ सगळ्यांची एकाच दिशेला हवी. पहिल्या बोर्डात माझे वरच्या ओळीतले चौदाच्या चौदा उलटे लागले होते आणि सगळी ओळ मुकी झाली. रविवारची पूर्ण संध्याकाळ ते उकलण्यात गेली, त्यामुळे आता मी एक ओळ झाली की लगेच मल्टिमीटर लावतो. प्रत्येक ओळीला आणि उभ्या रांगेला कंट्रोलरची, म्हणजे कीबोर्ड चालवणाऱ्या छोट्या बोर्डाची, एक पिन लागते; पाच ओळी आणि चौदा उभ्या रांगा म्हणजे १९ पिना. प्रो मायक्रो या कंट्रोलरवर १८ च मिळतात, तिथे एक कमी पडते. रास्पबेरी पाय पिकोवर २६ आहेत, ती घ्या.

सोल्डरिंग आयर्न, बारीक तार, फ्लक्स, चुकलेलं काढायला विक, एवढं टेबलावर असू द्या. कॅप्स सगळ्यात शेवटी. आणि पिको हातात आली की काहीही सोल्डर करण्याआधी ती कंप्युटरला जोडून क्यूएमके हे फर्मवेअर चढतं का बघा. केबल नुसत्या चार्जिंगची असेल तर ते तेव्हाच कळलेलं बरं.