साहित्यात गती असलेल्या मुलांसाठी नाटकाभोवती प्रकल्प कसा आखावा

भाषेत विशेष गती असलेली मुले पाठ्यपुस्तक पहिल्या सत्रातच वाचून संपवतात आणि मग त्यांच्या वाट्याला बहुधा आणखी एक निबंध येतो. त्याऐवजी नववी-दहावीच्या अशा मुलांसाठी सहा आठवड्यांचा एक प्रकल्प आखावा. नाट्यगृहाची भेट मात्र शेवटचे बक्षीस म्हणून न ठेवता चौथ्या आठवड्यात ठेवावी, म्हणजे प्रयोग पाहून पडलेले प्रश्न घेऊन संहितेकडे परतण्यास वेळ उरतो.

प्रथम प्रयोग निवडावा. ठाण्यातील गडकरी रंगायतन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, तसेच वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह येथील प्रयोगांच्या जाहिराती पाहून तारीख ठरवावी आणि शिक्षकांनी तो प्रयोग स्वतः आधी पाहून घ्यावा. चालू नाटकाची छापील संहिता मिळाली नाही, तर त्याच विषयावरचे जुने नाटक वाचनासाठी घ्यावे. 1893 साली स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्यासाठी जवळचे आहे.

वाचनाचे तीन आठवडे हा प्रकल्पाचा गाभा होय. ज्यांच्या नावाने रंगायतन उभे आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांचेच उदाहरण घेता येईल: त्यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिली, विनोद ‘बाळकराम’ या नावाने, आणि नाटके स्वतःच्या नावाने. मुलांचे तीन गट करून प्रत्येकाला एकेक नाव द्यावे आणि मग दारूच्या व्यसनावरील त्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकात मद्यपी तळीरामाच्या एखाद्या प्रवेशात बाळकराम कोठे बोलतो, नायक सुधाकराची पत्नी सिंधू हिच्या संवादांत गोविंदाग्रज कोठे डोकावतो, हे ओळींवर बोट ठेवून दाखवायला सांगावे. दारूपायी सुधाकराची धूळधाण होत असताना प्रेक्षकांनी तळीरामाला हसावे की नाही, यावर मुले तावातावाने भांडतील; तो वाद मिटवण्याची घाई करू नये. गडकऱ्यांचे निधन 1919 साली झाले आणि लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्यांचा प्रवेश मुलांनी कापला, बदलला वा सादर केला तरी परवानगीचा प्रश्न येत नाही.

पालकांची संमतीपत्रे आणि बसची व्यवस्था ही नेहमीचीच कामे आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निर्मात्याच्या व्यवस्थापकाशी आधी बोलून नेपथ्य लागताना पाहण्याची परवानगी मागावी, कारण व्यावसायिक नाटकाचे नेपथ्य टेम्पोतून येते, प्रयोगापूर्वी उभे राहते आणि प्रयोगानंतर पुन्हा उतरवले जाते. प्रयोग चालू असताना टिपणे काढू देऊ नयेत; वहीत मान घातलेला विद्यार्थी नटाची थांबण्याची जागा चुकवतो. मध्यंतरात दोन ओळी लिहिल्या तरी पुरे.

परतल्यावर प्रत्येकाने एकच प्रवेश पुन्हा बसवावा: नेपथ्याचा आराखडा, पात्रांच्या हालचाली, प्रकाशयोजना आणि वगळलेल्या प्रत्येक वाक्यामागचे कारण. गुण द्यायचेच असतील, तर सादरीकरणापेक्षा या कारणांना अधिक द्यावेत.