दचकवा, पण फाइल उडवू नका

डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जमान्यात ‘ड्रेन’ नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम होता. चालवला की पडद्यावर अगदी गंभीरपणे सूचना यायची: डिस्क ड्राइव्हमध्ये पाणी शिरलंय! मग स्पीकरमधून पाणी उपसल्याची गुडगुड आणि पाठोपाठ वॉशिंग मशीनसारखी घरघर. मित्र फ्लॉपी बाहेर काढून निरखत बसायचा.

आज हीच गंमत करायची तर ‘डॉसबॉक्स’ या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये करा. आल्ट आणि एंटर एकदम दाबलं की पूर्ण पडदा व्यापतो. तसेही ६४-बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. ‘जुना प्रँक’ म्हणून कुणी धाडलेली भलतीच ईएक्सई फाइल मात्र उघडू नका, आत खरा व्हायरस निघायचा.

विंडोज कोलमडल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्याची हौस असेल, तर सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या टूल-संचातला ‘ब्लूस्क्रीन’ हा स्क्रीनसेव्हर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळतो. कळ दाबली की गायब. पण खरी गोम इथेच आहे: घाबरलेला माणूस कळ दाबत नाही, थेट पॉवरचं बटण दाबून धरतो. म्हणून आधी त्याचं उघडं काम सेव्ह झालंय ना, ते गुपचूप बघून घ्या. प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री तर नकोच.