टर्कीचं सारण: पोटात नको, ट्रेमध्ये भाजा

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंगचा सण, जवळ आला की न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला फोन येतात. प्रश्न ठरलेला: स्टफिंग, म्हणजे ब्रेडचं सारण, टर्कीच्या पोटात भरायचं की वेगळं भाजायचं? वेगळंच. पोटात भरून आणि ट्रेमध्ये भाजून, दोन्ही बऱ्याचदा करून झाल्यावर हे सांगतोय.

गोठलेली टर्की फ्रिजमध्येच सुटू द्या, दर चार-पाच पौंडांना एक दिवस धरून. धुऊ नका, कच्च्या मांसाचं पाणी सिंकभर उडतं.

साधारण ४५० ग्रॅम ब्रेडचे तुकडे करून २७५ अंश फॅरनहाइटवर पाऊणएक तास कडकडीत वाळवा. ‘शिळा ब्रेड चालतो’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. शिळा ब्रेड चिवट झालेला असतो, पण ओलावा त्यात तसाच असतो आणि रस्सा घातला की त्याचा लगदा होतो. एक स्टिक (साधारण ११३ ग्रॅम) बटरवर दोन कांदे आणि तीन-चार काड्या सेलरी मऊ परता, सेज आणि थाईम घाला. त्यात ब्रेड, दोन फेटलेली अंडी आणि दोन-अडीच कप रस्सा (तो कसा करायचा ते पुढे) मिसळा.

आता खरी अडचण. पहिली तीन वर्षं मी सारण पोटातच भरत होतो, तेही भरल्या वांग्यासारखं दाबून. तिसऱ्या वर्षी टर्की चौदा पौंडांची होती. छातीचं मांस १६५ अंशांवर पोचलं, टर्की शिजली की वर येणारं तिच्यातलं प्लास्टिकचं बटणही वर आलं. मनात शंका आली म्हणून सारणाच्या मधोमध थर्मामीटर खुपसला, तर १३८! पाहुणे बसलेले असताना टर्की परत ओव्हनमध्ये गेली. सारण शिजेपर्यंत आणखी पन्नास मिनिटं लागली आणि तोवर छातीचा चोथा झाला होता.

तो दोष माझ्या ओव्हनचा नव्हता. उष्णता बाहेरून आत जाते, त्यामुळे पोटाचा मध्य सर्वांत शेवटी तापतो. कच्च्या मांसाचा रस मात्र सुरुवातीपासून ब्रेडमध्ये मुरत असतो आणि त्याबरोबर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. म्हणून अमेरिकेचं कृषी खातं मांसासाठी सांगतं तेच तापमान सारणासाठीही सांगतं: १६५ अंश, म्हणजे ७४ सेल्सिअस. सारण तिथे पोचायची वाट पाहिली की छाती त्याच्या बरीच पुढे जाते. आणि त्या बटणावर तर मुळीच विसंबू नका. ते छातीत बसवलेलं असतं, सारणाचं त्याला काही कळत नाही.

‘पण पोटातल्या सारणाची चव ट्रेला येत नाही’ हे मात्र खरं आहे. त्यावर उपाय पंख. टर्कीचे दोन-तीन पंख वेगळे विकत आणा आणि तव्यावर चांगले तांबूस करा. त्याच तव्यात टर्कीबरोबर आलेली मान टाकून पाण्यात तासभर रस्सा उकळा. काळीज (लिव्हर) त्यात घालू नका, रस्सा कडवट होतो. सारण ट्रेमध्ये पसरा, वर पंख मांडा, फॉइलने घट्ट झाका आणि ३७५ अंशांवर साधारण तासभर ठेवा. पंखांची चरबी आणि रस थेंबाथेंबाने खाली मुरतो. पंख आणि सारणाचा मध्य, दोन्ही १६५ च्या वर गेलेले बघा. मग पंख काढून दहा-पंधरा मिनिटं उघडं भाजा, म्हणजे वर कुरकुरीत खरपूस थर येतो. पोटातल्या सारणाला तो कधीच येत नाही आणि आमच्याकडे भांडण त्या थरावरूनच होतं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ट्रेमधल्या या पदार्थाला ‘ड्रेसिंग’ म्हणतात आणि बऱ्याच घरी तो मक्याच्या ब्रेडचा करतात. तोही याच रीतीने होतो, फक्त तो लवकर भुगा होतो, म्हणून ढवळताना हात हलका ठेवा.

घरच्या कुणाचा तरीही पोटात भरायचाच हट्ट असेल, तर हे पाळा. आदल्या रात्री भरून ठेवू नका. ओव्हनमध्ये ठेवण्याच्या ऐन वेळी, सारण गरम असतानाच भरा. टर्कीच्या दर पौंडाला पाऊण कप, सैलसर, कारण ब्रेड फुगतो. ओव्हन ३२५ च्या खाली नको. थर्मामीटर सारणाच्या अगदी मधोमध. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं थांबा, मग कापण्याआधी सगळं सारण चमच्याने काढून घ्या. उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. उरलेली टर्कीही हाडांपासून सोडवूनच ठेवा, पोटात सारण असलेली अख्खी टर्की तशीच फ्रिजमध्ये ढकलू नका.